पाहणीचा रकाना आणि बलुत्याची भाकर

भारतातील कुटुंबांचे राहणीमान मोजण्याचे काम राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० सालापासून करीत आली आहे. पंचवार्षिक योजना, दारिद्र्यरेषा, शिधापत्रिका, अनुदाने या साऱ्यांचा पाया या पाहणीच्या आकड्यांवर घातला गेला. असे असूनही दलित चळवळीत या पाहणीचा गंभीर विचार फारसा झालेला नाही. आपल्यातले जे अर्थशास्त्र शिकले ते तिचे आकडे प्रमाण मानून पुढे जातात, आणि जे रस्त्यावर उतरले ते 'सरकारी आकडे' म्हणून तिला झटकून टाकतात. मला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. पाहणीचे प्रश्नपत्रक हे माणसाविषयीचे एक लेखन आहे. ते कोणी लिहिले, कोणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आणि त्यात काय गाळले गेले, हे प्रश्न आपण कथा-कादंबरीला विचारतो, तसेच या लेखनालाही विचारले पाहिजेत. आणि दलित स्वकथने शेजारी ठेवून ते वाचले पाहिजे, कारण दोघांचा विषय एकच आहे: माणूस काय खातो, काय नेसतो, कसा राहतो.

प्रथम पाहणीची हकीगत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने पहिली फेरी ऑक्टोबर १९५० मध्ये सुरू झाली. या पहिल्या फेरीशी पुण्याच्या गोखले संस्थेचाही संबंध होता. 'पूना शेड्यूल्स' म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रश्नपत्रकांवरचा वि. म. दांडेकर यांचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हापासून कुटुंबाचा खर्च पुन्हा पुन्हा मोजला गेला. १९७२-७३ पासून साधारण दर पाच वर्षांनी मोठी फेरी घेण्याची पद्धत पडली: १९७७-७८, १९८३, १९८७-८८, १९९३-९४, १९९९-२०००, २००४-०५, २००९-१० आणि २०११-१२. दर वेळी नवी गावे आणि नवी कुटुंबे निवडली जातात. म्हणजे एकाच घराकडे पाहणी पुन्हा जात नाही; ती समाजाचे चित्र पुन्हा पुन्हा काढते आणि दोन चित्रांतला फरक म्हणजे बदल, असे धरते.

आता समजा, या नमुन्यात आमचे भोंगवली निघाले. भोर तालुक्याच्या पूर्व अंगाला, किकवी-सारोळ्याच्या बाजूचे हे गाव. अन्वेषक गावात येतो. गाव मोठे असेल तर सगळे गाव तो घेत नाही. २०११-१२ च्या फेरीतला नियम असा होता की बाराशे किंवा त्याहून अधिक वस्तीच्या गावाचे वस्त्यांप्रमाणे गट पाडायचे, त्यांतला सर्वांत मोठा गट हमखास घ्यायचा आणि उरलेल्यांतून एक चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडायचा. सांख्यिकीच्या दृष्टीने यात अन्याय नाही. लहान गटाला अधिक वजन देऊन भरपाई केली जाते. पण गावठाणाचा गट नक्की निवडला जाणार आणि गावकुसाबाहेरचा वाडा स्वतंत्र गटात पडला तर त्याचे नाव चिठ्ठीवर अवलंबून राहणार, हा योगायोग आपण डोळ्यांआड करू नये. शिवाय गटांच्या सीमा ठरतात गावातल्या 'जाणकार' माणसांना विचारून. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते. अशा भागात परक्या कारकुनाला गावाची माहिती देणारा जाणकार कोण असायचा आणि तो अन्वेषकाला कोणत्या आळीत आधी नेऊन चहा पाजायचा, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

अन्वेषक आमच्या दारी आला असे धरू. तो विचारतो, गेल्या तीस दिवसांत ज्वारी-बाजरी किती खाल्ली, तांदूळ किती, तेल, मीठ, मिरची किती. प्रत्येक वस्तूपुढे ती कोठून आली हे लिहायला संकेत आहेत: विकत घेतली, घरच्या शेतातली, रानातून फुकट गोळा केलेली, वस्तूच्या किंवा कामाच्या मोबदल्यात मिळालेली, भेट किंवा दानधर्म म्हणून मिळालेली. वस्तू कोठूनही येवो, तिची किंमत लावून बेरजेत मिळवायची. ही बेरीज माणशी भागली की दरडोई मासिक खर्च निघतो, आणि हा खर्च म्हणजेच राहणीमान.

येथे मी थांबतो, कारण आमचा सारा इतिहास या संकेतांच्या यादीत अडकलेला आहे. महार वतने मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने संपली. म्हणजे पाहणीच्या पहिल्या अनेक फेऱ्या बलुते चालू असताना झाल्या. खळ्यावरून आणलेले धान्य अन्वेषकाने कोणत्या संकेताखाली लिहायचे? 'कामाचा मोबदला' असे लिहिले तर गाव म्हणते, हा बरोबरीचा व्यवहार होता. 'दानधर्म' असे लिहिले तर गाव म्हणते, आम्ही यांना पोसत होतो. यांतला एकही शब्द खरा नाही. वेठ होती, पण तिला मजुरीचा दर नव्हता. धान्य हक्काचे म्हणवले जात होते, पण ते मागायला हात पसरावा लागत होता. या संबंधाला पाहणीच्या यादीत संकेतच नाही. आणि कोणताही संकेत लिहिला तरी अखेरच्या बेरजेत फरक पडत नाही. बाजारातून विकत आणलेली पायली आणि खळ्याच्या कडेला ताटकळून मिळालेली पायली यांची किंमत सारखीच.

शिजवलेल्या अन्नाचा नियम तर याहून बोलका आहे. एकच अन्न दोनदा मोजले जाऊ नये म्हणून दीर्घकाळ रीत अशी राहिली की ज्या घरात अन्न शिजले त्या घराच्या उपभोगात ते धरायचे. दुसऱ्याने ते फुकट खाल्ले तरी खाणाऱ्याच्या घरात लिहायचे नाही. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण त्याचा अर्थ काय होतो? येसकराच्या पाळीला दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकर पाटलाच्या चुलीवर भाजली गेली, म्हणून ती पाटलाच्या राहणीमानात जमा होते. आमच्या पोटात गेलेला घास त्यांच्या खात्यावर. ही पाहणीची लबाडी नव्हे. ज्या समाजात एकाने शिजवायचे आणि दुसऱ्याने उरलेले मागून खायचे अशी रचना आहे, त्या समाजासाठी हे प्रश्नपत्रक लिहिलेच गेले नव्हते. एक चूल, एक कुटुंब, एक खर्च, हे त्याचे गृहीत आहे.

याच ठिकाणी १९२७ साल आठवावे. महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस आणि मागून आणलेले उष्टे टाकून द्या, असे आपल्या लोकांना सांगितले. अनेक गावांनी ते ऐकले आणि त्याची किंमत उपासाने मोजली. त्या काळी अशी पाहणी असती तर तिला काय दिसले असते? रानातून फुकट मिळालेल्या मांसाची किंमत बेरजेतून वजा झाली असती, म्हणजे आमचे राहणीमान घसरले असते. शिळ्या भाकरीचा तर पत्ताच लागला नसता. ती आमच्या खात्यावर कधी नव्हतीच. दलितांच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय या मापाने एक तर घसरण ठरतो, नाही तर शून्य. जे माप या नकाराला घसरण म्हणते ते खोटे नाही, पण त्याला माणसाचे राहणे मोजणारे माप म्हणता येत नाही. ते पोटात गेलेल्या मालाचे माप आहे.

हे जे निसटते ते आमच्या स्वकथनांनी पकडले. दया पवारांनी आपल्या पुस्तकाला 'बलुतं' (१९७८) हे नाव दिले, तेव्हा त्यांनी अर्थव्यवहाराचा एक शब्द उचलून त्याच्या आतला अपमान बाहेर काढला. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) तर आमच्या अगदी लगतचे. पुरंदर तालुक्यातले वीरगाव भोरपासून किती दूर? त्यांनी बाईच्या भुकेविषयी, बाळंतिणीच्या रिकाम्या पोटाविषयी जे लिहिले, ते दरडोई सरासरीच्या मुळावर घाव घालते. पाहणी घराचा खर्च माणसांच्या संख्येने भागते आणि सगळ्यांना सारखा वाटा देते. घरात मात्र तसे वाटप होत नाही. आधी पुरुष, मग पोरे, मग सासू, आणि भांड्याला चिकटलेले उरले तर सून. सवर्ण घरात जे होते ते आमच्याही घरात होते, हे बेबीताईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) मध्ये महार-मांगांच्या स्वयंपाकाची जी नोंद केली, तीतल्या चान्यांना पाहणीच्या वस्तूंच्या यादीत निराळी ओळ नाही. मांसाची ओळ आहे, पण २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू असताना, दारात उभ्या असलेल्या सरकारी माणसाला त्या ओळीत खरे उत्तर कोण देईल, हाही प्रश्न आहे.

आमच्या पोटाविषयीचा मोठा वाद पुण्यातच झाला, हेही आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. १९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी याच पाहणीचे आकडे घेऊन दिवसाला २२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही दारिद्र्याची रेषा धरली. १९६०-६१ च्या भावांनी ती खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात २२ रुपये ५० पैसे होती, आणि तीनुसार खेड्यातली सुमारे ४० टक्के माणसे रेषेखाली निघाली. त्यानंतर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला: माणसामाणसाची गरज निराळी असते, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, म्हणून सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नव्हे. दांडेकरांनी त्याला उत्तरे दिली. दोघेही मोठे विद्वान होते आणि दोघांचाही प्रामाणिकपणा मला मान्य आहे. पण या साऱ्या वादात पोट हे एक यंत्र होते. त्यात किती इंधन पडले यावर वाद होता. ते कोणाच्या हातून, किती उंचावरून ओंजळीत पडले, हा प्रश्न वादाच्या कक्षेतच आला नाही.

बाबासाहेबांनी या तऱ्हेच्या मोजणीवर फार आधी बोट ठेवले होते. १९१८ सालच्या लहान धारणक्षेत्रांवरील निबंधात त्यांनी कीटिंग प्रभृतींची एक व्याख्या तपासली. कुटुंबाला बऱ्यापैकी जगता येईल एवढी जमीन म्हणजे किफायतशीर धारणक्षेत्र, असे ती व्याख्या सांगत होती. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, ही उपभोगाच्या बाजूने केलेली व्याख्या आहे. शेतीची किफायत उत्पादनाच्या बाजूने, म्हणजे जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरवली पाहिजे. विषय निराळा आहे, पण विचाराची दिशा आपल्या कामाची आहे. माणसाने किती खाल्ले एवढेच पाहिले तर त्याच्या हातात काय होते, म्हणजे जमीन, हत्यार, नोकरी, पाण्यावरचा हक्क यांतले काय होते, हे झाकले जाते. भाटघरचे धरण भोर तालुक्यात आहे आणि त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी खालच्या तालुक्यांना जाते. पाण्याखाली गेलेली शेते आणि पाण्यावर वाढलेला ऊस, दोन्ही खर्चाच्या पाहणीत उतरतात ते केवळ कोणाच्या तरी साखरेच्या ओळीत.

पुन्हा पुन्हा मोजण्यातही एक अडचण आमच्या वाट्याला खास आली. तुलना करायची तर दोन्ही वेळी तोच समूह मोजला गेला पाहिजे. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर १९६१ मध्ये ते सुमारे २७.९ लाख झाले. केंद्राच्या कायद्याने मात्र बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले ते १९९० च्या दुरुस्तीने. मधल्या चौतीस वर्षांत दारी आलेल्या माणसाला 'आम्ही बौद्ध' असे ताठ मानेने सांगणारे घर अनुसूचित जातीच्या रकान्यात बसत नव्हते, आणि जुने नाव सांगणारे शेजारचे घर बसत होते. तेव्हा १९७० च्या दशकातला महाराष्ट्रातल्या अनुसूचित जातींचा आकडा आणि १९९० नंतरचा आकडा शेजारी मांडून प्रगती किंवा अधोगती सांगणाऱ्याला आपण आधी विचारले पाहिजे: तुमच्या रकान्यात तेव्हा कोण होते आणि आता कोण आहे? तीच गोष्ट 'इतर' या रकान्याची. इतर मागासवर्ग त्यातून वेगळे काढले गेले ते १९९९-२००० च्या फेरीत.

आता अलीकडचे आकडे घेऊ. २०११-१२ मध्ये तेंडुलकर समितीच्या पद्धतीने खेड्यातली रेषा माणशी महिना ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला २७ रुपयांच्या आसपास होती. त्या रेषेखाली खेड्यातले २५.७ टक्के लोक होते. अनुसूचित जातींत ३१.५ टक्के. त्यानंतरची फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तिचे निष्कर्ष सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. आकड्यांचा दर्जा ठीक नाही, असे नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगण्यात आले. वृत्तपत्रातून जे बाहेर आले त्यानुसार माणशी खरा खर्च सहा वर्षांत ३.७ टक्क्यांनी घटला होता. पुढची पाहणी २०२२-२३ मध्ये झाली. म्हणजे अकरा वर्षे देशाने आपल्या लोकांच्या ताटाचा प्रसिद्ध हिशेब पाहिला नाही.

२०२२-२३ मध्ये २,६१,७४६ कुटुंबांकडे चौकशी झाली. खेड्यात दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला. अनुसूचित जातींचा ३,४७४ आणि 'इतरां'चा ४,३९२. म्हणजे 'इतरां'च्या शंभर रुपयांमागे आमचे ७९. पुढच्याच वर्षी, २०२३-२४ मध्ये, हे आकडे ३,८७८ आणि ४,६४२ झाले, म्हणजे शंभरामागे ८३-८४. शतकांचे अंतर एका वर्षात चार-पाच रुपयांनी मिटले, असे म्हणायचे काय? नमुन्यातल्या चढउताराने एवढा फरक पडू शकतो. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावर आनंद करू नये आणि शोकही करू नये. चार-सहा फेऱ्या पाहाव्या. शहरातला आकडा मला अधिक विचारात टाकतो. २०२२-२३ मध्ये शहरात अनुसूचित जातींचा खर्च ५,३०७ रुपये, म्हणजे अनुसूचित जमातींच्या ५,४१४ पेक्षाही कमी. बाबासाहेबांनी गाव सोडा असे सांगितले. आमचे लोक मुंबईला, पुण्याला, आता शिरवळच्या कारखान्यांत गेले. गावाचा जाच सुटला, हे खरे; पण शहराच्या शिडीवर आम्ही तळाच्या पायरीवरच उभे आहोत, हे याच पाहणीने सांगितले. सरकारी म्हणून ती झटकली असती तर हे आपल्याला कसे कळले असते?

याच फेरीत आणखी एक नवी गोष्ट झाली. सरकारी योजनांतून फुकट मिळालेल्या धान्याची आणि वस्तूंची किंमत लावून दुसरी बेरीजही दिली गेली: खेड्यात ३,७७३ ऐवजी ३,८६०, म्हणजे माणशी महिना ८७ रुपयांची भर. शिध्याचे धान्य हे बलुते नव्हे. ते कायद्याने मिळालेले आहे, ते मागायला येसकराची काठी लागत नाही. असे असूनही भाषा पाहा: 'फुकट'. दानधर्माचा जुना संकेत नव्या कपड्यांत परत येऊ पाहतो, आणि राजकारणातले लोक त्याच शब्दावर स्वार होऊन 'आम्ही यांना पोसतो' असे पुन्हा म्हणू लागतात. हक्क आणि भीक यांतला फरक रकान्यात नसला की तो भाषणातूनही पुसला जातो.

मग आपण काय करायचे? माझ्या मते पहिली मागणी अशी की पाहणी ठरल्या वेळी व्हावी आणि तिचा निकाल सत्तेला गैरसोयीचा असला तरी प्रसिद्ध व्हावा. मोजणी दडपली जाते तेव्हा पहिला तोटा ज्यांचे दुसरे दप्तर नाही त्यांचा होतो, आणि गावच्या दप्तरात आमचे नाव वेठीपुरतेच होते. दुसरे काम आपल्या विद्यार्थ्यांचे आहे. या फेऱ्यांची कुटुंबवार माहिती, नावे गाळून, केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय अभ्यासकांना खुली करते. तीत धर्म आणि सामाजिक गट दोन्ही नोंदलेले असतात. महाराष्ट्रातल्या बौद्धांचा, मातंगांचा स्वतंत्र विचार कोठवर करता येतो आणि कोठे नमुना अपुरा पडतो, हे तपासायला दुसरा कोणी येणार नाही. अर्थशास्त्र घेतलेल्या आपल्या मुलांनी आंबेडकर जयंतीच्या भाषणाइतकेच हे कामही आपले मानावे.

तिसरे काम शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे, आणि ते भोंगवलीसारख्या कोणत्याही गावात करता येते. आपल्या वाड्यातल्या घरांची पाहणी आपण करावी. धान्य किती हे विचारावेच, पण ते कोठून आले, त्यासाठी कोणापुढे उभे राहावे लागले, घरात शेवटी कोण जेवले, कोणती वस्तू मिळत असूनही नाकारली आणि का, हेही विचारावे. पाच वर्षांनी त्याच घरांकडे पुन्हा जावे, कारण राष्ट्रीय पाहणी त्याच घराकडे परत जात नाही. म्हाताऱ्या माणसांकडून बलुत्याच्या दिवसांचा हिशेब मापासकट लिहून घ्यावा. तो सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. स्वकथनाने आपल्याला प्रश्न दिले, पाहणीने मोजण्याची शिस्त दिली. या दोन वह्या आजवर वेगवेगळ्या कपाटांत राहिल्या. त्या एका टेबलावर आणण्याचे काम या अंकाच्या वाचकांपैकी कोणी हाती घेतले, तर मी माझ्या गावापासून सुरुवात करायला तयार आहे.